बाळंतिणीला गार चालत नाही

वादळाची तयारी आमच्या घरात मी एकटीने केली आणि तिच्यावरचे टोमणेही मी एकटीनेच खाल्ले. या दोन्ही गोष्टींची मला सवय आहे. पण त्या खेपेला पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

जुईनगरला चौथ्या मजल्यावर आमचं घर. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. आमचे हे, कोंडिबा, मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहून वाहून मान जरा वाकडी झाली, पण माणूस अजून धडधाकट आहे. मुलगा विश्वजित तळोज्याला कारखान्यात सुपरवायझर. सून तेजश्री नुकतीच बाळंत झालेली. मुलगी झाली होती, बारसं व्हायचं होतं.

तेजश्रीला डॉक्टरांनी शेवटी शेवटी प्रवासाला मनाई केली, त्यामुळे ती माहेरी जाण्याऐवजी माहेर तिच्याकडे आलं. म्हणजे तिची आई हौसाबाई कराडकडून एसटीने आल्या. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी, डिंकाच्या लाडवांचा एक डबा, आणि पोत्यात घालून लोखंडी शेगडी नि कोळसा आणला. शेगडी बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला. सकाळी न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ओवा नि बाळंतशेपा टाकायच्या आणि त्या धुरीत दोघींना शेकून काढायचं. हे सगळं मीही केलंय, माझ्यावरही झालंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. बाल्कनीचं दार उघडं असायचं, धूर जात असे, बाळ शेकून छान झोपायचं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आमच्याकडचा नियम. माहेरचं म्हणजे कष्टही त्यांचे आणि हुकूमही त्यांचाच. घर माझं, ओटा माझा, भांडी माझी. पण बाळंतिणीच्या ताटात काय पडेल ते विहीण ठरवणार. सासूने मध्ये बोललं तर ती सासू वाईट. म्हणून मी तोंड मिटून होते.

मे महिन्याच्या शेवटी टीव्हीवर समुद्रातलं वादळ फिरायला लागलं. पांढरं भोवऱ्यासारखं चित्र, मध्ये डोळा, आणि निवेदकाला तर आनंदच झाल्यासारखं दिसत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर पोरं मेणबत्तीच्या उजेडातल्या जेवणाचे विनोद टाकत होती. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.

माझा हिशोब सरळ होता. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की चौथ्या मजल्यावर पाणी नाही. म्हणून पिंप, बादल्या, कुकर, पातेली, सगळं भरून झाकून ठेवलं. फ्रीजमध्ये बाटल्या गोठवल्या, म्हणजे वीज गेली तरी दूध काही वेळ टिकेल. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी एका डब्यात घालून डबा फळीवर ठेवला. सरकत्या खिडक्यांच्या खाचांतून दर पावसाळ्यात पाणी आत येतं, म्हणून जुन्या साड्यांच्या चिंध्या करून त्या फटीत ठासल्या.

आणि मग चूल न पेटवता खायचं. दशम्या केल्या. पाण्याऐवजी दुधात मळलेल्या, काही गुळाच्या, काही मीठ-जिऱ्याच्या. तेल लावून भाजून, गार करून फडक्यात बांधल्या, त्या तीन-चार दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी कुटली. मटकी भिजवून मोड यायला बांधून ठेवली. कैरी किसून, गूळ-तिखट घालून बरणी भरली. मडक्यात दही लावलं. शेजारच्या मीनाने, ती कोकणातली, पातळ पोहे आणि नारळ आणून दिला. कांदा, कैरी, खोबरं घालून पोहे नुसते दडपून ठेवायचे, फोडणी नसली तरी चालतं, हे मी तिच्याकडूनच शिकले.

हौसाबाई पाटावर बसून बघत होत्या.

"आवं ईनबाई," त्या म्हणाल्या, "वादळ येनार हाय का वऱ्हाड?"

"वऱ्हाडाला आमंत्रण तरी द्यावं लागतं," मी म्हटलं. "हे न बोलवता येतंय."

"मुंबईत कुटं वादळ येतं? ह्यो टीव्हीवाल्यांचा धंदा. आन् आलंच तर ग्यास हाय की तुमचा. पायपातनं येतोय म्हनं, सरत बी न्हाय."

इथे माझं जुनं दुखणं होतं. पाइपचा गॅस आला तेव्हा विश्वजितने सिलिंडर परत करून टाकला. एक असू दे घरात, म्हणून मी खूप सांगितलं. "आई, तुला साठवायची बिमारी आहे," म्हणाला.

"गॅसही जाऊ शकतो," मी म्हटलं. "दोन दिवस गार खाऊन कोणी मरत नाही."

"तुमी खावा. माझी लेक बाळंतीन हाय. बाळंतिनीला गार चालत न्हाय." दशमीचं फडकं दोन बोटांनी उचलून त्यांनी परत टाकलं. "ह्ये असलं घातलं तर दूध आटंल आन् लेकराच्या पोटात वात व्हईल. पानीसुदिक कडकडीत पायजे."

बेडरूममधून तेजश्रीचा आवाज आला, "मम्मी, आईंना करू दे ना. उगाच टेन्शन."

"तू गप पड. कान बांध आदी."

मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती, पण राहवलं नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली जायचं होतं. मी लहान होते, पण एवढं लख्ख आठवतं की निघायच्या दिवशी आईने चूल शेवटची पेटवली ती दशम्या भाजायला. भाजून झाल्यावर तिने चुलीवर पाणी ओतलं आणि मग तिला हळदकुंकू वाहिलं. आई तेव्हा ओली बाळंतीण होती. माझा भाऊ भैरू तिच्या पदरात. नव्या जागी डोंगरावर ना छप्पर ना लाकूड. आई दशमी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाऊन, ओढ्याचं पाणी पिऊन राहिली. त्या दशम्यांना एक वास होता, दुधाचा आणि धुराचा. तो वास मला नंतर कधीच जमला नाही, कारण गॅसला धूर नसतो.

"आणि भैरू आज साठी ओलांडून बसलाय," मी म्हटलं. "अजून चार भाकऱ्या खातो. कुठे वात झाला त्याला?"

"म्हनूनच बोळका झालाय," हौसाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसल्या. भैरूला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेजश्रीच्या लग्नात.

वादळ आलं त्या दिवशी विश्वजित कामावर होता. दुपारीच त्याचा फोन आला की कारखाना बंद करतायत, पण टाक्यांवर माणसं ठेवावी लागतात, त्याला राहावं लागेल. मी त्याला सरळ सांगितलं, "तुझ्या सासूला एक शब्द सांग. लाईट-गॅस गेला तर तेजश्रीला जे असेल ते खाऊ दे म्हणावं. माझं ऐकणार नाहीत त्या, तुझं ऐकतील."

"आई, प्लीज. मम्मींना त्यातलं कळतं. बाळंतपण त्यांचं आहे. तू मध्ये पडू नकोस."

"मला कळत नाही का? तू आभाळातून पडलास?"

तो हसला. "तू ॲडजस्ट करशील, मला माहितीये." आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या आधी वारा सुटला. समोरच्या इमारतीवरचा पत्रा पत्त्यासारखा उडून रस्त्यावर आपटला. लाईट गेली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक वीजवाल्यांना शिव्या घालायला लागले. इतका वेळ लागतो का, आम्ही माणसं नाही का. मी वाचत होते आणि मनात म्हणत होते, ज्या पाण्याच्या विजेवर ही सगळी मुंबई उजळली त्या पाण्याखाली माझ्या आईची चूल आहे. आमच्या नव्या वस्तीत दिवा लागायला मला लग्नाचं वय यावं लागलं. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हे लोक अंधारात काय खातात म्हणून. मग मोबाईलचं नेटवर्कही गेलं आणि शिव्या थांबल्या.

थोड्या वेळाने मीनाचा नवरा सुधीर जिना चढून सांगत आला. खाली मोठा गुलमोहर मुळांसकट पडला होता आणि मुळांबरोबर गॅसचा पाइप उचकटला होता. सगळ्या सेक्टरचा गॅस बंद केला होता. केव्हा येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी हौसाबाईंकडे पाहिलं. माझा चेहराच बोलला असणार, कारण त्या फणकारल्या, "बगताय काय? तुमच्याच तोंडातनं निगालं हुतं."

त्या दिवशी निभावलं. दुपारी मी दोन थर्मास गरम पाण्याने भरून ठेवले होते आणि हौसाबाईंनी मेथीची पेज आधीच करून घेतली होती. आम्ही दडपे पोहे खाल्ले. ह्यांनी दोनदा मागून घेतले. "ए विश्वाच्या आय, ह्ये रोज कर की," म्हणाले. हौसाबाईंनीही ताटली पुसून खाल्ली, गार असूनही. गार फक्त बाळंतिणीला चालत नव्हतं.

सकाळी उठले तर पाऊस तसाच होता आणि थर्मास रिकामे होते. हौसाबाईंनी बाल्कनीत शेगडी पेटवायला घेतली. वाऱ्याने राख त्यांच्याच डोळ्यांत उडवली आणि पावसाने कोळसे विझवले. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. शेवटी ओला कोळसा आत आणून ओट्याखाली पसरला आणि म्हणाल्या, "वाळू द्या. तंवर लाडू हायेत."

दुपारपर्यंत तेजश्रीने दोन लाडू खाल्ले. पाण्याशिवाय. तुम्ही कधी डिंकाचा लाडू पाण्याशिवाय खाल्लाय का? घसा बांधल्यासारखा होतो. पिंपभर पाणी घरात होतं, उकळून गार केलेलं हंडाभर पाणी होतं, आणि त्या पोरीला घोटभर मिळत नव्हतं, कारण ते गार होतं. बाळ सारखं छातीशी लागत होतं, सुटत होतं, रडत होतं. ते रडणं भुकेचं आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही.

मी बेडरूमच्या दारात गेले. तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई," ती हळू म्हणाली, "थोडं पाणी..."

मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्या भरला. वाडग्यात दही-पोहे कालवले, चिमूटभर मीठ घातलं. घेऊन गेले तर हौसाबाई दारात उभ्या.

"काय त्ये?"

"दही-पोहे. आणि पाणी. सरका."

"दही? पावसाचं? बाळंतिनीला?" त्यांनी वाडगा माझ्या हातातून ओढला. दही त्यांच्या हातावर सांडलं. "ईनबाई, तुमाला नात नको हाय का? सरळ सांगा. मुलगी झाली म्हनून डोळ्यांवर आलीया का?"

असं बोलतात? माझ्या घरात, माझ्या दारात उभं राहून? मुलगी झाली तेव्हा पेढे मी वाटले, या बाईने फोनवर "बरं, पुडच्या टायमाला" म्हटलं होतं.

"हौसाबाई," मी म्हटलं, "तिला पाणी दिलं नाही तर दूध कुठून येईल? म्हशीलासुद्धा आधी पाणी दाखवतात, मग धार काढतात."

"माझ्या लेकीला म्हैस म्हनता व्हय!"

"मम्मी, पिऊ दे ना गं," तेजश्री आतून म्हणाली. रडत होती.

"तुला काय कळतंय? म्या चार बाळंतपनं काडली." त्यांनी दार ओढून घेतलं.

मी दार ढकलणार होते. खरंच ढकलणार होते. पण हॉलमधून ह्यांनी हाक मारली. "अगं ऱ्हाऊ दे. बाळंतपन त्यांचं हाय. उद्या पोरगं आलं की बगल."

मग मी मागे फिरले. हातातला तांब्या ओट्यावर आपटला आणि मोड आलेली मटकी निवडत बसले, निवडण्यासारखं त्यात काही नसताना. राग आला की माझे हात काहीतरी करत राहतात.

थोड्या वेळाने हौसाबाई स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे न बघता कोळसा घेतला, शेगडी घेतली, पातेलं नि कणीची पिशवी घेतली. "आत पेटिवते," एवढंच म्हणाल्या. "शेक बी व्हईल, पेज बी शिजंल. कुनी दार उगडू नका, वारं येतं." आत जाऊन त्यांनी दार लावलं आणि दाराच्या खालच्या फटीला आतून फडकं लावल्याचं मला दिसलं.

तेव्हा मला काही सुचलं नाही. मी फक्त एवढंच म्हणत होते मनात, कर बाई, काय करायचं ते कर, पण तिला घोटभर काहीतरी दे.

बाळाचं रडणं चालू होतं. मग ते कमी झालं. मग थांबलं. मी मनात म्हटलं, प्यायलं असेल. पेज पोटात गेली असेल, पान्हा फुटला असेल. मला बरंही वाटलं. आणि त्या बाईचं खरं ठरलं म्हणून वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू.

हे खिडकीशी बसले होते. बाहेर पत्रे वाजत होते. एकदम मान वळवून म्हणाले, "लई येळ झाला. आवाज न्हाय आतनं."

"झोपली असतील."

"तिगी बी?"

मग मी न विचारताच ते म्हणाले, "बाजीराव."

बाजीराव ह्यांचा चुलत भाऊ. फार जुनी गोष्ट, मार्केट अजून मुंबईतच होतं तेव्हाची. पोरं गाळ्यातच झोपायची. पावसाळ्यात गारठा फार म्हणून एका रात्री त्यांनी शेगडी आत घेतली आणि शटर खाली ओढलं. सकाळी शटर उघडलं तेव्हा बाजीराव आणि त्याच्या शेजारचा एक जण उठले नाहीत. अंगावर ओरखडा नव्हता. झोपल्यासारखे होते. ह्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. पोत्यासारखा नव्हता, हलका होता, असं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

मी दाराशी कशी पोहोचले आठवत नाही. "हौसाबाई! दार उघडा!"

आतून जड, दारू प्यायल्यासारखा आवाज आला. "उगडू... नका... वारं..."

कडी नव्हती, फक्त फडकं अडकलं होतं. मी खांद्याने दार ढकललं. आत गरम, कोंदट, ओव्याचा धूर. शेगडीत निखारे लालभडक होते आणि पातेल्यातली पेज तळाला लागून करपली होती. कुणी ढवळलीच नव्हती. हौसाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मान खाली. तेजश्री खाटेवर, डोळे अर्धे उघडे. "आई, डोकं फुटतंय," एवढंच तिला म्हणता आलं. बाळ तिच्या कुशीत होतं. त्याचा हात उचलला तर चिंधीसारखा खाली पडला.

मी बाळ उचललं आणि ह्यांच्या हातात दिलं. बाळंतिणीच्या खोलीत सासरा पाय ठेवत नाही. त्या दिवशी ठेवला. "जिन्यात घेऊन जा, वाऱ्यात धर," मी ओरडले. मग खिडकीच्या फटीत मीच ठासलेल्या चिंध्या ओढून काढल्या आणि काच सरकवली. पाऊस सणकन अंगावर आला. इतका गोड वारा मी जन्मात घेतला नव्हता. शेगडी पदराने धरून मोरीत नेली आणि बादली ओतली. पदर जळला, तो मी ठेवून दिलाय.

माझ्या ओरडण्याने मीना धावत आली. आम्ही दोघींनी तेजश्रीला उचलून बाहेर जिन्यात नेलं. हौसाबाई आत बसूनच बरळत होत्या, "वारं लागंल... लेकराला वारं लागंल..." मी परत गेले, त्यांच्या हाताला धरलं आणि फरफटत बाहेर काढलं. फरफटत हाच शब्द आहे, मी दुसरा वापरणार नाही.

जिन्यात हे बाळाला हातावर आडवं धरून उभे होते. वाऱ्याने पावसाचे थेंब आत येत होते. ह्यांचे ओठ हलत होते, म्हाळसाकांताचं नाव घेत असावेत. बाळ शिंकलं. मग तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीकसं रडलं. मग मोठ्याने रडलं. मी पायरीवर बसले.

सुधीरने गाडी काढली. पडलेल्या झाडांमधून, उलट्या बाजूने, कसाबसा आम्हाला नेरूळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे जनरेटर होता, उजेड होता. तिघींनाही ऑक्सिजन लावला. बाळाच्या डोक्यावर काचेसारखी टोपी ठेवली, त्यात ती माशासारखं तोंड उघडत होती.

डॉक्टरीण तरुण होती. तिने विचारलं, "कोळसा कुणी पेटवला?"

"म्या," हौसाबाई मास्कच्या आतून म्हणाल्या. "रोजच पेटिवते."

"खिडकी बंद ठेवून?"

"बाळंतिनीला वारं चालत न्हाय."

"खिडक्यांत चिंध्या मी ठासल्या होत्या," मी सांगितलं. "पावसासाठी." ते खरं होतं, म्हणून सांगितलं. पण चिंधी काय आणि निखारा काय, यातला फरक मला कळतो.

तेजश्री शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती पाणी. नर्सने कूलरचं पाणी दिलं, थंडगार. ती एक पेला प्यायली, दुसरा प्यायली, तिसऱ्याला हात पुढे केला. हौसाबाई शेजारच्या खाटेवरून बघत होत्या. मास्क होता म्हणून, नाहीतर बोलल्या असत्या.

"आई, खायला काही आहे?"

मी काहीच आणलं नव्हतं. पण ह्यांनी धोतराच्या सोग्यातून पुरचुंडी काढली. निघताना फडक्यातल्या दशम्या आणि चटणी त्यांनी बांधून घेतली होती. माणसाला घरातून बाहेर पडायचं म्हणजे शिदोरी लागते, एवढंच त्यांना ठाऊक. तेजश्रीने गुळाची दशमी हातात घेतली आणि खाल्ली, जशी शाळेतून आलेली पोर खाते तशी, तुकडे मोडायलाही न थांबता. खाताना रडत होती. तिच्या आईने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी विश्वजित एका ट्रकमधून आला. बाळाला बघून रडला, बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला व्हरांड्यात घेऊन गेला.

"आई, मम्मींना काही बोलू नकोस. आधीच खचल्यात. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम करणाऱ्याला पोलिसात देता येतं," मी म्हटलं. "हिला कुठे देऊ?"

"तू होतीस ना घरात? मग आधी का नाही थांबवलंस?"

माझ्या पोटच्या पोराने हे विचारलं.

"थांबवलं होतं," मी म्हटलं. "तुझा फोन आला तेव्हाच थांबवलं होतं. एक शब्द सांग म्हटलं होतं. तू म्हणालास, तू ॲडजस्ट करशील. केलं मी ॲडजस्ट. तुझी मुलगी हातात चिंधीसारखी झाली तिथपर्यंत केलं. आता विचार, अजून किती करू?"

तो म्हणाला, "झालं ते झालं." आपल्याकडे कुणाचीच चूक कबूल करायची नसली की हेच म्हणतात.

घरी आल्यावर हौसाबाईंनी पोत्यातून उरलेला कोळसा काढला, शेकासाठी. दिवस स्वच्छ होता, खिडक्या उघड्या होत्या, कदाचित काही झालंही नसतं. पण तेजश्री खाटेवरून उतरली. कानाला बांधलेला रुमाल तिने सोडला.

"मम्मी, माझ्या खोलीत विस्तव येणार नाही. आणि मला भूक लागली की मी खाणार. गार, गरम, जे असेल ते."

"ह्यांनी शिकिवलं तुला ह्ये."

"नाही. मला तहान लागली होती, त्यानं शिकवलं."

हौसाबाई दोन दिवसांनी गावी गेल्या. गावात त्या सांगतात, सासूने माझ्या लेकीला बाळंतपणात गार खायला घातलं, म्हणून दवाखाना बघावा लागला. आमच्या नात्यातल्या चार बायकांनी मला फोन करून विचारलं. प्रत्येकीला मी खरं सांगितलं, आणि प्रत्येकीने शेवटी म्हटलं, जाऊ दे गं, वयस्कर बाई आहे. वयस्कर! ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे.

बारशाला त्या आल्या. येणारच, आजी आहे. मी दारात हळदकुंकू लावलं, पाणी दिलं, पाट मांडला. पंगत बसली. लोक जेवत होते, बाळ पाळण्यात हातपाय झाडत होतं, तेजश्रीने तिच्या कानात तिचं नाव सांगितलं होतं आणि सगळ्या बायका ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. मी वाढत होते. पुरणपोळी घेऊन ओळीने फिरले. एकेकीला म्हटलं, घ्या हो, अर्धी तरी घ्या, माझ्यासाठी घ्या, एवढ्याने काय होतं.

हौसाबाईंच्या पानापुढे आले. त्यांची पोळी संपली होती. त्यांनी वर पाहिलं, आणि वाट पाहिली.

मी त्यांच्या पानात एक पोळी वाढली, तूप वाढलं, आणि पुढच्या पानाकडे गेले. आग्रह केला नाही.